लाल लघवी, तुंबलेली लघवी: कुत्र्याला औषध देण्याआधी काय पाहायचं?

एप्रिल सरत आला, पारा पंचेचाळीसला टेकला, की आम्हा पशुवैद्यांचे फोन वाजू लागतात. "डॉक्टरसाहेब, मोत्याले उन्हाळी लागली वाटते. थेंब थेंब गयते." तोवर मोत्याला ताक पाजून झालेलं असतं, धने-जिऱ्याचं पाणी देऊन झालेलं असतं आणि पुष्कळदा गावातल्या मेडिकलमधली एखादी गोळीही भाकरीत दडवून चारलेली असते. ताक आणि धने-जिरे निरुपद्रवी आहेत. गोळीचं पुढे बोलू.

वारंवार लघवी, थेंबथेंब लघवी, कुंथणं, लाल रंग यांच्यामागे निदान अर्धा डझन वेगवेगळे आजार असू शकतात. एक चार दिवसांच्या गोळ्यांनी आटोपतो. एकाला पोट उघडावं लागतं. एकाला दर आठवड्याला शिरेतून इंजेक्शन लागतं. आणि एक असा आहे, की "सकाळी पाहू" म्हटलं तर सकाळपर्यंत कुत्रं हातचं गेलेलं असतं. सगळ्यांना एकच सुई टोचणं सोपं पडतं, म्हणून आपल्याकडे तेच चालतं. माझं म्हणणं एवढंच की आधी लघवी पाहावी, मग औषध ठरवावं.

## ठिबकचा संच डोळ्यासमोर आणा

मोर्शी-वरुडच्या संत्राबागेतलं ठिबक पाहिलेल्याला हे समजायला वेळ लागणार नाही. कुत्र्याच्या दोन किडन्या म्हणजे संचाच्या गाळण्या. रक्त तिथे गाळलं जातं आणि टाकाऊ पाणी दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, साठतं. पिशवीतून बाहेर पडायला वाट एकच, ती म्हणजे मूत्रमार्ग.

बिघाड गाळणीत असला तर कुत्रं खूप पाणी पितं, खूप आणि पातळ लघवी करतं, जेवण सोडतं, ओकतं, वाळत जातं. बिघाड पिशवीत असला तर लघवी पुन्हा पुन्हा होते पण प्रत्येक वेळी थोडी, दुखत-खुपत, कधी रक्तासह. वाट बंद झाली तर लघवी होतच नाही. म्हणून पहिला प्रश्न असतो, "किती वेळा जातो आणि दर वेळी किती होते?" उत्तर बहुतेकदा "लय होते" असं मिळतं. लय वेळा, की लय लघवी? यावरच अर्धं निदान अवलंबून असतं.

पाण्याचंही तसंच. दहा किलोचं कुत्रं दिवसाला साधारण अर्धा लीटर, फार तर थोडं जास्त पाणी पितं. मे महिन्यात शेतात राखण करणारं त्याहून जास्त पिणारच. पण सावलीत बसून, खास कारण नसताना, रोज एक लीटरच्या वर जात असेल तर किडनी, मधुमेह आणि मादी असेल तर गर्भाशय तपासायला हवं. लीटरच्या बाटलीनं भांडं भरायचं आणि रात्री उरलेलं मोजायचं, दोन दिवसांत कळतं.

नर आणि मादी यांच्यातला फरकही इथेच सांगतो. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे बाहेरचे जंतू आत चढायला सोपं जातं. संसर्ग तिला जास्त. नराचा मार्ग लांब आणि अरुंद. शिवाय नर कुत्र्याच्या लिंगात चक्क एक हाड असतं आणि मूत्रमार्ग त्या हाडाच्या खोबणीतून जातो. हाडाला ताण देता येत नाही, म्हणून पिशवीतून निघालेला खडा नेमका हाडाच्या मागे अडकतो. वाट बंद होण्याचा धोका नराला जास्त असतो तो यामुळे.

## कुंथतो, पण एक थेंब नाही

"कालपासून टांग वर करून उभा रायते, पन काईच येत नाई." हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम ठेवतो. लघवी पूर्ण अडली की शरीराबाहेर जाणारं पोटॅशियम रक्तात साठू लागतं. ते वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, अडखळतात, थांबतात. पिशवी ताणून फुटू शकते आणि मागे तुंबलेल्या दाबानं किडन्याही बसतात. हे सगळं एक-दोन दिवसांत घडतं.

घरच्या लोकांचा घोटाळा असा होतो, की कुंथणं पाहून त्यांना बद्धकोष्ठ वाटतं आणि ते एरंडेल पाजतात. खात्री करायची असेल तर कुत्र्याला कोरड्या मातीच्या अंगणात किंवा फरशीवर न्या आणि पाच-दहा मिनिटं नुसतं पाहा. तो उभा राहिला त्या जागेवर ओल दिसली का? बऱ्यापैकी ओल असेल आणि कुत्रं एरवी हुशार असेल तर उद्या सकाळी दवाखान्यात नेलं तरी चालेल. काहीच नसेल किंवा नुसते एक-दोन थेंब असतील, तर रात्रीच गाडी काढा. त्यात तो ओकत असेल, सुस्त पडला असेल, तर क्षणही दवडू नका. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, ताणलेली पिशवी फुटते. बळजबरीनं पाणीही पाजू नका. वाट बंद असताना वरून पाणी ओतून फायदा नाही.

डॉक्टर पोट चाचपतात, तेव्हा पिशवी टणक गोळ्यासारखी हाताला लागते. मग बारीक नळी घालून सलाईनच्या दाबानं खडा मागे पिशवीत ढकलायचा प्रयत्न होतो. नळी जात नसेल तर पोटातून सुईनं पिशवी रिकामी करून वेळ मिळवतात आणि शिरेतून सलाईन देऊन रक्ताचं गणित ताळ्यावर आणतात. लघवी सुटणारं इंजेक्शन द्या, असा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. लघवी जास्त तयार करणारं औषध बंद वाटेच्या कुत्र्याला दिलं तर पिशवीवरचा दाब आणखी वाढतो.

## लाल दिसलं म्हणजे लघवीतलंच रक्त का?

नाही. एक साधी गोष्ट घरी करून पाहता येते. लघवी पारदर्शक काचेच्या पेल्यात घ्या आणि अर्धा तास हलवू नका. लाल थर तळाशी बसला आणि वरचं पाणी पिवळसर झालं, तर त्या रक्ताच्या पेशी. रक्त पिशवीतून, मार्गातून किंवा क्वचित किडनीतून येत आहे. काहीच खाली बसलं नाही आणि सगळा पेला काळ्या चहाच्या रंगाचा राहिला, तर शंका वेगळी. रक्तपेशी शरीरातच फुटून त्यांचा रंग लघवीत उतरतो आहे. दवाखान्यात हेच यंत्रात फिरवून दोन-चार मिनिटांत पक्कं करतात.

तो काळा चहा आपल्या भागात बहुतेकदा गोचिडांची देणगी असते. गोचीड चावल्यावर बॅबेसिया नावाचा सूक्ष्म परजीवी रक्तात शिरतो आणि लाल पेशी फोडतो. गाईला ताप येऊन लघवी लाल होते ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना कुत्र्यातली ही भानगड लगेच समजते. ओठ वर करून हिरड्या पाहा. पांढऱ्या फटक पडल्या असतील, अंग तापलं असेल, कानाच्या आत गोचिडं असतील, तर रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. इथे लघवीच्या संसर्गाची गोळी काहीही करत नाही. गाईसाठी आणलेलं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचण्याचा प्रकार मात्र जिवावर बेतू शकतो, कारण त्या औषधाचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर कमी असतं.

दुसरा प्रकार मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत फार दिसतो आणि फार वेळा चुकतो. लघवी करत नसतानाही लिंगातून किंवा योनीतून रक्ताचे थेंब टपकतात, कुत्रं सारखं तिथेच चाटत राहतं. मालक म्हणतो, रक्ताची लघवी. कातडी मागे सारून पाहिलं की आत लालसर, ठिसूळ, हात लावताच रक्त येणारी गाठ दिसते. ही मिलनातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारी कर्करोगाची गाठ आहे. डॉक्टरांच्या बोलण्यात तिचं नाव 'टीव्हीटी'. कर्करोग म्हटलं की माणसं आशा सोडतात, पण हा बरा होणाऱ्यांपैकी आहे. व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत गाठ विरते. अशी कुत्री लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या खात महिनोन्‌महिने हिंडतात, आणि तेवढ्या काळात ती गाठ गावभर पोचते.

मादी माजावर असताना रक्त दिसणं स्वाभाविक आहे. माज सरल्यावर महिना-दोन महिन्यांत मात्र ती खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली, मागून पू येऊ लागला तर गर्भाशयात पू झाला आहे असं समजून तातडीनं दाखवा. कधी कधी गर्भाशयाचं तोंड बंद असतं. तेव्हा पू बाहेर दिसतही नाही, नुसतं पोट फुगतं. उपाय बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचाच.

## लघवी धरायची कशी?

सकाळची पहिली लघवी उत्तम, कारण ती रात्रभर साठून दाट झालेली असते. स्वयंपाकघरातला जुना डाव उकळून घ्या, तो हातभर काडीला घट्ट बांधा. कुत्रं साखळीला धरून बाहेर न्या. त्यानं टांग वर केली की पहिली धार जमिनीवर जाऊ द्या आणि मधली धार डावात घ्या. मादी बसली की मागून हळूच डाव सरकवा. पहिल्या दिवशी बहुतेक कुत्री धार थांबवून तुमच्याकडे वळून बघतात, "हे काय नवीन" अशा नजरेनं. दुसऱ्या दिवशी जमतं.

लघवी भरायला मेडिकलमधून लघवीचा प्लास्टिक डबा आणा. टॉनिकची रिकामी बाटली वापरू नका. तिच्यात चिकटलेली साखर तपासणीत उतरते आणि धडधाकट कुत्र्याला मधुमेह लागतो. लोणच्याच्या बरणीतल्या मिठाचा घोटाळा वेगळाच. अर्ध्या तासात तपासणी झाली तर सर्वांत चांगलं. गाव दूर असेल तर डबा थर्मासमध्ये बर्फाजवळ ठेवून आणा आणि तसं डॉक्टरांना सांगा, कारण गार झालेल्या लघवीत नसलेले स्फटिकही तयार होतात. आणि नमुना घेईपर्यंत कुठलंही अँटिबायोटिक देऊ नका, नाहीतर जंतू दबतात आणि तपासणी खोटं बोलते.

तालुक्याला माणसांची लॅब असते, तिथे चालेल का? सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रक्तपेशी, पूपेशी, स्फटिक सांगायला चालेल. पण लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवर विसंबू नका. तिच्यातला पूपेशींचा आणि जंतूंचा चौकोन कुत्र्याच्या लघवीत भरवशाचा नाही. लघवीची दाटताही पट्टीवर नको. ती रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणात एका थेंबावर कळते, आणि किडनी अजून पाणी ओढून लघवी दाट करू शकते का, हे तीच सांगते.

संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर कल्चर करावं लागतं, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधानं मरतात ते पाहणं. दोन-तीन दिवस लागतात. यासाठी डावातली लघवी चालत नाही, कारण तिच्यात कातडीवरचे जंतू मिसळलेले असतात. डॉक्टर पोटाच्या कातडीतून बारीक सुई थेट पिशवीत घालून लघवी ओढतात. ऐकायला भयंकर वाटतं. कुत्रं मात्र साध्या इंजेक्शनापेक्षा जास्त कुरकुरत नाही.

"एवढ्या तपासण्यांपेक्षा इंजेक्शन स्वस्त पडते ना डॉक्टरसाहेब?" पहिल्यांदा पडतं. तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आलं की पडत नाही. साधी लघवी तपासणी ही या सगळ्यात सर्वांत कमी खर्चाची गोष्ट आहे. एक्स-रे किंवा सोनोग्राफीची गरज पडली आणि जवळ सोय नसली, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था गाठता येते.

## संसर्ग निघाला, तर औषध किती दिवस?

कुत्र्याच्या लघवीच्या संसर्गात सर्वांत जास्त सापडणारा जंतू ई. कोलाय, म्हणजे आतड्यातलाच. पूर्वी दोन-दोन आठवडे औषध देण्याची रीत होती. 2019 च्या आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार साध्या, अधूनमधून होणाऱ्या संसर्गाला तीन ते पाच दिवस पुरतात, आणि सुरुवातही अमॉक्सिसिलिनसारख्या साध्या औषधानं करायची असते. भारी इंजेक्शनं राखून ठेवायची, कारण ती उगाच वापरली की जंतू त्यांना पचवायला शिकतात. तेच जंतू अंगणात, हातांवर, पोरांच्या खेळण्यात फिरतात.

कुत्र्याला काहीच त्रास नाही, पण तपासणीत जंतू निघाले, तर? बहुतेकदा औषध नको. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर मात्र कारण शोधायलाच हवं. खडा, मधुमेह, नरात सुजलेली प्रोस्टेट ग्रंथी. नसबंदी न केलेल्या नराला संसर्ग झाला तर मी तो साधा धरतच नाही. प्रोस्टेटमध्ये जंतू घर करून बसले असतील तर औषध चार ते सहा आठवडे चालतं.

आता त्या भाकरीतल्या गोळीचं. माणसाचं दुखणं थांबवणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका. जठरात व्रण पडतात, किडन्या निकामी होतात, आणि मूळ तक्रार लघवीची असेल तर आगीत तेलच. डायक्लोफिनॅकनं गिधाडं संपत आली म्हणून 2006 साली जनावरांसाठीच्या त्याच्या उत्पादनावर बंदी आली, माणसांसाठीचं मात्र प्रत्येक मेडिकलात मिळतं. पोट साफ व्हावं म्हणून भिजवलेल्या मनुका चारणारेही भेटतात. द्राक्ष आणि मनुका कुत्र्याच्या किडनीला विषारी ठरू शकतात.

## मुतखडा विरघळतो का?

पुन्हा ठिबककडे येऊ. नळ्यांत क्षार साचले तर आम्ल सोडतात, शेवाळ असेल तर क्लोरीन सोडतात, आणि वाळू अडकली असेल तर दोन्हींचा उपयोग नसतो, उघडून साफच करावं लागतं. काय अडकलं आहे हे न पाहता आम्ल ओतणारा पैसे वाया घालवतो. मुतखड्याचं असंच आहे.

कुत्र्यात नेहमी आढळणारे दोन खडे म्हणजे स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्सलेट. स्ट्रुव्हाइट बहुतेकदा संसर्गातून होतो. काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, लघवी अल्कधर्मी होते आणि खडा जमतो. विशेष आहार आणि योग्य अँटिबायोटिक यांनी तो विरघळू शकतो, पण त्याला आठवडे लागतात आणि तोवर घरचा एक तुकडाही द्यायचा नसतो. शेतावरच्या कुत्र्याच्या बाबतीत हे पथ्य पाळलं जाणं मला तरी अवघड वाटतं. तो आहार महागही असतो. त्यामुळे आपल्याकडे अनेकदा पिशवी उघडून खडे काढणंच शहाणपणाचं ठरतं. ऑक्सलेट विरघळतच नाही. काढलेला खडा आठवण म्हणून डबीत ठेवू नका. शक्य असेल तर तपासायला पाठवा, पुढचं पथ्य त्यावर ठरतं.

कुळथाचा काढा, गोखरू, पळसफुलांचं पाणी? थोडंफार पोटात गेलं तर बिघडत नाही. पण खडा पिशवीत आहे की मार्गात अडकला आहे हे माहीत नसताना काढ्यावर आठवडा घालवला तर तो आठवडा कुत्र्याचा जातो.

दर्यापूर, अकोट, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यातली माणसं हमखास विचारतात, "आमच्या खाऱ्या पाण्यानंच खडे होतात ना?" तिथल्या पाण्याचा माणसांच्या किडन्यांवरचा परिणाम हा गंभीर विषय आहे आणि लोकांची भीती समजण्यासारखी आहे. पण स्ट्रुव्हाइटचं मूळ जंतूंत असतं, विहिरीत नव्हे. पाण्याचा संबंध दुसऱ्या बाजूनं येतो. मचूळ किंवा उन्हानं तापलेलं पाणी कुत्रं कमी पितं, लघवी दाट होते आणि कुठलाही खडा जमायला सोपं जातं. दिवसभर खुंट्याला बांधलेलं कुत्रं जागेवर घाण करत नाही, लघवी धरून ठेवतं, हेही तितकंच वाईट. सावलीत अर्धं मातीत गाडलेलं मडकं ठेवा, पाणी दोनदा बदला, दुपारी एकदा सोडा. जागलीवर नेत असाल तर तिथेही पाणी न्या.

## नसबंदीनं लघवीचा त्रास होतो का?

22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं मोकाट कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून त्यांच्याच भागात सोडण्याचं सांगितलं, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. तेव्हापासून हा प्रश्न पारावरही निघतो. नराची नसबंदी केली की वाढलेली प्रोस्टेट आक्रसते, म्हणजे त्रास कमीच होतो. मादीचं गर्भाशय काढलं की तिथे पू होण्याचा प्रश्न मिटतो. मात्र काही माद्यांना, विशेषतः मोठ्या अंगाच्या, पुढे कधीतरी झोपेत लघवी गळू लागते. जागी असताना ती नीट लघवी करते, फक्त उठल्यावर जागा ओली दिसते. हे वाटेच्या तोंडाची पकड सैल झाल्यामुळे होतं. तपासून संसर्ग नाही असं ठरलं की अँटिबायोटिकचं काम उरत नाही. पकड घट्ट करणारी वेगळी औषधं आहेत आणि ती बऱ्यापैकी लागू पडतात.

## आजारी कुत्र्याच्या लघवीपासून घरच्यांना धोका?

साध्या संसर्गात फारसा नाही, हात धुतले की झालं. लेप्टोस्पायरोसिसमध्ये आहे. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा जंतू पावसाळ्यात, विशेषतः भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या धानाच्या बांधीत उभं पाणी असतं तेव्हा, कुत्र्याला गाठू शकतो. ताप, ओकाऱ्या, डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवी आधी जास्त आणि मग कमी, असं चित्र दिसतं. कुत्रं बरं झाल्यासारखं वाटलं तरी त्याच्या लघवीतून जंतू आठवडेच्या आठवडे बाहेर पडू शकतात. योग्य अँटिबायोटिकनं ते थांबवता येतं, आणि कुत्र्यासाठी दरवर्षी घ्यायची लसही आहे.

अशी शंका असेल तर नमुना धरताना हातमोजे घाला, पायाला भेगा किंवा जखम असेल तर अनवाणी गोठ्यात जाऊ नका, आणि लघवीची जागा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा. पुढच्या महिनाभरात घरात कुणाला ताप आणि पोटऱ्यांत जबर दुखणं सुरू झालं तर माणसांच्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.